अँटिव्हायरस एकच पुरे, अपडेट मात्र चुकवू नकोस

डिचोली, गोवा

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार. दोन अँटिव्हायरस टाकूनही लॅपटॉप हळू चालतो, असं तू कळवलंस. व्हॉट्सॲपवर अंगठ्याने एवढं सगळं टाइप करण्यापेक्षा पत्रच लिहितो. तुलाही लॅपटॉप समोर ठेवून सावकाश वाचता येईल.

आधी ते दोन फुकटचे अँटिव्हायरस काढून टाक. एकाच कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, दोन राखणे ठेवले, तर रात्री ते एकमेकांनाच चोर समजून धरणार! दोघेही प्रत्येक फाइल उघडताना तपासायला धावतात, म्हणून तर तुझा लॅपटॉप रांगतो. शिवाय त्यांचं 'प्रीमियम घ्या' हे पालुपद चालूच. सेटिंग्जमध्ये ॲप्समधून दोन्ही अनइन्स्टॉल कर आणि मशीन रीस्टार्ट कर. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो. दुसरा अँटिव्हायरस आला की तो बाजूला होतो, आणि दुसरा गेला की आपसूक कामाला लागतो. घरच्या वापराला तेवढा पुरतो, असं माझं स्पष्ट मत.

आता तुझं खरं दुखणं, म्हणजे अपडेट. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोध, मग 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', आणि खाली 'प्रोटेक्शन अपडेट्स'. तिथे शेवटच्या अपडेटची तारीख दिसेल. ती जुनी असणार, पैज लावतो. वाळपईला तू मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवतोस आणि डेटा संपू नये म्हणून ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे डेटा जपून वापरणारं, करून ठेवलेलं असणार. मीटर्डवर डिफेंडर सहसा स्वतःहून अपडेट ओढत नाही. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते बटण बंद कर. नाहीतर रोज चहाच्या वेळी 'चेक फॉर अपडेट्स' हाताने दाब. नवे व्हायरस ओळखायची यादी दिवसातून अनेकदा बदलते. महिन्यापूर्वीची यादी घेऊन बसलेला अँटिव्हायरस कालच्या चोराला कसा ओळखणार?

विंडोजचे अपडेटही पुढे ढकलू नकोस. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, पण ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तुझ्या थोरल्या भावाचा डेस्कटॉप अजून विंडोज 10 वर असेल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हेही त्याच्या कानावर घाल.

आणि तो तुझा पेनड्राइव्ह! जत्रेच्या नाटकाच्या संहिता तू साखळीला झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटला नेतोस. त्या मशीनला दिवसभरात कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागतात देव जाणे. घरी आल्यावर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले, तर त्यांवर क्लिक करू नकोस. तुझे फोल्डर बहुतेक तिथेच असतात, व्हायरसने फक्त लपवलेले असतात. आधी पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून डिफेंडरने स्कॅन कर. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ॲट्रिब या कमांडने लपवलेपणा काढता येतो. ती ओळ फोनवर अक्षर न् अक्षर सांगेन, कारण एक स्पेस चुकली तरी ती चालत नाही. याहून बरं म्हणजे दुकानात पीडीएफ ईमेलने पाठवायची, पेनड्राइव्ह खिशातून काढायचाच नाही.

डिफेंडर जागा आहे का, हे बघायची एक गंमत आहे. आयकार नावाची 68 अक्षरांची चाचणी फाइल असते. ती व्हायरस नाही, पण अँटिव्हायरस तिला व्हायरसच समजतो. आयकारच्या साइटवरून उतरव. 'थ्रेट फाउंड' असं आलं की समज, काम चालू आहे.

संहितांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेव, आणि कॉपी झाली की ती काढून कपाटात. जोडून ठेवलीस तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तीही गिळेल.

वहिनींना नमस्कार. रविवारी सकाळी फोन कर, पण लॅपटॉप चालू करूनच.

तुझा,
विनय