माझे रविवार मंडळाकडे का जातात

प्रिय आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "नोकरीतून विमा मिळतो, बँकेत चार पैसे आहेत, मग गाववाल्यांच्या मंडळाचं लचांड कशाला?" तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

विमा पैसे देतो, तेही कागद पुरे झाल्यावर. पण परदेशात माणूस वारला की पहिले दोन दिवस पैशाइतकीच माणसं लागतात. मृत्यूचा दाखला, शव टिकवण्यासाठी केलेल्या एम्बामिंगचं सर्टिफिकेट, वकिलातीत पासपोर्ट रद्द करून घेणं, विमान कंपनीच्या कार्गोवाल्यांशी बोलणं. ज्याच्या घरी दुःख आहे त्यानेच हे परक्या भाषेत निस्तरायचं का? आमच्या मंडळात एक जण कागदांमागे धावतो, दुसरा त्या घरची मुलं सांभाळतो, आणि सभासदांच्या वर्गणीतून जमलेल्या मदतनिधीतून रक्कम त्याच दिवशी हातात पडते.

हे आम्ही नव्याने शोधलेलं नाही. १९व्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला गेलेल्या ज्यू लोकांनी आपापल्या गावाच्या नावाने मंडळं काढली होती. वर्गणीदाराला आजारपणात भत्ता, मंडळाने नेमलेला डॉक्टर आणि मंडळाच्या दफनभूमीत जागा मिळायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मंडळांनी तर मृतांच्या अस्थी मूळ गावी पोचवायचं काम अंगावर घेतलं. अशा परतणाऱ्या अस्थी आणि शवपेट्या गावी जाईपर्यंत ठेवायला हाँगकाँगच्या तुंग वा रुग्णालयाने १८९९मध्ये खास जागा उभारली. बाबा, मुंबईतले गोवेकरांचे कूड, म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी चालवलेल्या सामायिक खोल्या, तुम्हाला माहीत असतील. बोटीवरून उतरलेल्या खलाशाला तिथे आपल्या गावच्या कूडात पथारी पसरायला आणि पेटी ठेवायला हक्काची जागा असायची.

'हक्काची' हे मी मुद्दाम लिहिलं. आई, तू म्हणालीस की लोकांकडून घेतलं की मिंधेपण येतं. आमच्या मदतनिधीत ते येऊ नये म्हणून तर सगळे नियम लिहून ठेवलेत. वर्गणी सगळ्यांना सारखी, लाभही सारखा. आजारी माणूस दारू पितो का, त्याचं कुणाशी पटतं का, याची चर्चा समितीत होत नाही. वर्गणी चालू आहे आणि डॉक्टरचा दाखला आहे, एवढंच बघायचं. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, कारण दुसऱ्याच्या वेळी त्याचेही पैसे गेलेले असतात.

नियम टोचतोही. नवीन सभासदाला ६ महिने वर्गणी भरल्याशिवाय लाभ मिळत नाही. ही अट नसेल तर लोक आजारी पडल्यावरच नाव नोंदवतील आणि निधी वर्षभरात आटेल. नुकताच सभासद झालेला एक मुलगा मुदत भरण्याआधीच आजारी पडला, तेव्हा सभेत खूप वाद झाला. काहींचं म्हणणं, एवढ्या वेळी सोडा. मी विरोध केला. आज याच्यासाठी सोडलं, तर उद्या ज्याची ओळख मोठी त्याच्यासाठी सोडावं लागेल. शेवटी निधीला हात न लावता वेगळी वर्गणी काढली आणि त्याच्या घरभाड्याची सोय झाली. ती मात्र मदतच होती, आणि तसं त्याला स्पष्ट सांगितलं.

दुसरी काळजी मोठी आहे. जुने सभासद म्हातारे होतायत, म्हणजे लाभाचे अर्ज वाढणार. इथेच जन्मलेल्या मुलांना गावाच्या नावाचं आकर्षण नाही. न्यूयॉर्कच्या त्या मंडळांचंही पुढच्या पिढ्यांत हेच झालं. वर्गणी वयानुसार ठेवायची की राखीव निधी वाढवायचा, याचा हिशेब मी मांडते आहे, आणि उरलेला रविवार तरुण मुलांच्या घरी जाऊन बोलण्यात जातो. आधी गावासाठी काही बांधा असाही मंडळातल्या काहींचा आग्रह असतो. मेक्सिकोत २००२पासून परदेशी गेलेल्या स्थलांतरितांच्या मंडळांनी गावच्या कामाला एक पेसो दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक घालत, त्याचा दाखला देतात. योजना चांगलीच होती, पण आमच्यामागे असं कुणी उभं नाही. माझ्या मते आधी आजाऱ्याचं आणि मयताचं बघावं, मग गाव.

सोबत मंडळाचा फॉर्म पाठवते आहे. मला काही झालं तर मिळणाऱ्या रकमेसाठी आईचं नाव वारस म्हणून लिहिलंय. आई, अभद्र बोलू नकोस म्हणशील, तरी सही कर. बाबा, साक्षीदाराच्या जागी तुमची चालत नाही, शेजारच्या काकांची घ्या. महिनाअखेरीच्या आत फोटो काढून पाठवा, नाहीतर माझं नाव पुढच्या यादीत जाईल.

तुमची,
ताई