कसरीपासून संरक्षणाची हमी देणाऱ्या पिशवीतच लोकरी कपड्यांना कसर लागल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: कपडे साठवण्याची पिशवी सदोष असल्याबाबत व नुकसानभरपाई मिळण्याबाबत

महोदय,

लोकरी आणि रेशमी कपडे साठवण्यासाठी आपली कंपनी जी पिशवी तयार करते, ती मी मागच्या थंडीच्या अखेरीस विकत घेतली. पिशवीसोबत सीडर या सुगंधी लाकडाच्या तेलाच्या चार वड्या होत्या आणि वेष्टनावर ‘अंडी, अळ्या व पतंग यांचा संपूर्ण नायनाट, १२ महिने संरक्षण’ असे ठळक अक्षरांत छापले होते. सूचनापत्रात सांगितल्याप्रमाणे वड्या तळाशी ठेवून मी तिच्यात एक निळा लोकरी स्वेटर, एक तांबडी लोकरी शाल आणि एक काळा कोट घडी करून ठेवला, चेन शेवटपर्यंत ओढली आणि पिशवी कपाटात ठेवून दिली. सात महिन्यांनी ती उघडली तेव्हा तिन्ही कपड्यांना कसर लागलेली होती.

स्वेटरच्या दोन्ही काखांत आणि गळ्याच्या आतल्या बाजूला भोके पडली आहेत. शाल जिथे जिथे दुमडलेली होती, तिथे उजेडासमोर धरल्यावर चाळणीसारखी दिसते. कोट बाहेरून जसाच्या तसा वाटला, पण कॉलर उलटून पाहिली तेव्हा तिच्याखालची लव कुणी ब्लेडने खरवडावी तशी गेलेली होती. कोटाच्या सुती अस्तराला मात्र कुठेही धक्का लागलेला नाही, कारण कसरीच्या पतंगाच्या अळ्यांचे पोषण लोकर, रेशीम, पीस, केस यांतल्या प्रथिनांवर होते.

आपल्या ग्राहक सेवा विभागाने माझ्या पहिल्या पत्राला दोन ओळींचे उत्तर पाठवले. कपड्यांत कसर आधीपासूनच असावी, त्यामुळे कंपनी जबाबदार नाही, असा त्याचा आशय आहे. यावर मला सविस्तर लिहिणे भाग आहे.

कोट आणि शाल मी ड्रायक्लीन करून ठेवली होती. स्वेटर धुतल्यानंतर एकदा संध्याकाळी घातला गेला आणि पुन्हा न धुता, नुसता वाऱ्यावर टाकून पिशवीत गेला, हे मी मोकळेपणाने मान्य करते. घामाचा अंश राहिलेल्या लोकरीकडे मादी पतंग अंडी घालायला ओढली जाते, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा अंडी स्वेटरबरोबर आत गेली असतील, हे मी घटकाभर धरूनही चालते. पण आपल्या वेष्टनावरचे वचन अंड्यांचाही नायनाट करण्याचे आहे. बाहेरून येणाऱ्या किड्यांनाच अटकाव होईल, असे त्यावर कुठेही म्हटलेले नाही.

शिवाय या किड्यांनी स्वतःच एक पुरावा मागे ठेवला आहे. पिशवीच्या तळाशी मला तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब, दोन्ही टोकांना उघडी अशी सात-आठ नळकांडी सापडली. कसरीच्या एका जातीची अळी खाल्लेल्या कापडाचेच धागे रेशमाने जोडून अशी नळी विणते, ती अंगावर वागवत फिरते आणि जसजशी वाढते तसतशी दोन्ही टोकांना नवे धागे जोडत जाते. (रेओमूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८व्या शतकात अशा अळ्यांना वेगवेगळ्या रंगांच्या कापडांवर सोडून त्यांच्या नळ्यांवर रंगांचे पट्टे उमटवून घेतले होते.) मला सापडलेल्या तीन नळ्या मधोमध निळ्या आहेत आणि दोन्ही टोकांना तांबड्या आहेत. म्हणजे अळी आधी स्वेटरवर वाढली आणि नंतर शालीवर गेली. हे दोन कपडे माझ्या घरात एरवी वेगवेगळ्या कपाटांत असतात, ते एकमेकांना लागून राहिले ते फक्त आपल्या पिशवीत. अंडी कुठूनही आलेली असोत, अळ्या आपल्या वड्यांच्या शेजारी जगल्या, वाढल्या आणि एका कपड्यावरून दुसऱ्यावर फिरल्या, यात शंकेला जागा उरत नाही. नळ्या मी काचेच्या बाटलीत जपून ठेवल्या आहेत आणि त्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

असे का झाले असावे, याचे उत्तर पिशवीच्या रचनेतच दिसते. सीडर तेलाची वाफ बंदिस्त जागेत दाट साठली तरच ती लहान अळ्यांना मारू शकते. मोठ्या अळ्यांवर तिचा परिणाम फारसा होत नाही, आणि तेल उडून गेले की लाकूड असो वा वडी, दोन्ही निरुपयोगी होतात. असे असताना आपण पिशवीच्या एका बाजूला ‘कपड्यांना हवा मिळावी म्हणून’ तळहाताएवढी जाळीची खिडकी ठेवली आहे. वाफ कोंडून ठेवायची आणि हवाही खेळती ठेवायची, या दोन्ही गोष्टी एका पिशवीत कशा साधतात, हे मला समजलेले नाही. चेनच्या शेवटाला बोटाचे पेर जाईल एवढी फट राहते ती वेगळीच, आणि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीला तर त्याहून कितीतरी बारीक फट पुरते. वड्यांचा वास दुसऱ्या महिन्यातच गेला होता. कपाट उघडताना ते माझ्या लक्षात आले होते, पण वेष्टनावरच्या ‘१२ महिने’ या शब्दांवर मी विसंबून राहिले.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर दिलेले दोन सल्लेही नमूद करते. पहिला, आपल्याच कंपनीचा चिकट सापळा कपाटात लावण्याचा. त्या सापळ्यातल्या गंधाने फक्त नर पतंग येतात. घरात कसर आहे की नाही हे त्यावरून कळते, पण अंडी घालणारी मादी आणि कापड खाणारी अळी दोघीही त्याच्या वाटेला जात नाहीत. पूर्ण वाढलेला पतंग तर काही खातच नाही. दुसरा सल्ला त्याच पिशवीत डांबरगोळ्या टाकण्याचा होता. जाळीतून त्यांची वाफ थेट झोपण्याच्या खोलीत येईल, याचा विचार सल्ला देताना झालेला दिसत नाही. नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्यांवर युरोपीय संघात २००८ पासून बंदी आहे, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात. असा सल्ला घरात कोण कोण राहते एवढेही न विचारता दिला जावा, हे मला पिशवीतल्या दोषाहूनही गंभीर वाटते.

तरी पिशवीची संपूर्ण किंमत परत मिळावी, तसेच स्वेटर व शालीच्या रफूचा खर्च कंपनीने द्यावा, अशी माझी मागणी आहे. कोटाची लव भरून येणार नाही, त्याचे मूल्य ठरवण्यासाठी आपला माणूस येऊन पाहणार असेल तर माझी हरकत नाही. याखेरीज वेष्टनावरचा नायनाटाचा दावा काढून टाकावा. त्या जागी कपडे धुऊन किंवा ड्रायक्लीन करूनच ठेवावेत, शंका असल्यास ते हवाबंद प्लास्टिकमध्ये गुंडाळून उणे १८ अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावेत आणि वास गेला की वड्या बदलाव्यात, एवढे तरी छापावे. ही माहिती मला पिशवीबरोबर मिळाली असती, तर तो स्वेटर मी न धुता आत ठेवला नसता.

पिशवी, उरलेल्या वड्या आणि नळ्यांची बाटली माझ्याकडे आहे. आपल्या प्रतिनिधीने लेखी पोच दिल्यावरच मी त्या वस्तू ताब्यात देईन. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागणार आहे.

कळावे,

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, कपड्यांची व नळ्यांची छायाचित्रे, वेष्टनाची प्रत