स्मरणचित्राचा पेपर

वाई

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून पाठवलेला, फ्रेंच चित्रकार कोरोच्या चित्राचा फोटो उघडला आणि आधी वाटलं, पोराने भलत्याच चित्राचा काढला. आपल्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवतंय ना? वर्ष संपलं तरी वरच्या याच चित्रासाठी मी ते दहा-बारा वर्षं फ्रिजशेजारी टांगून ठेवलं होतं. उन्हाने आणि फोडणीच्या धुराने ते पार चहाच्या रंगाचं झालं, आणि मी वर्गात सांगत राहिले, कोरोची संध्याकाळ बघा, कशी सोनेरी! तुझ्या फोटोत तर सगळं रुपेरी, राखेच्या रंगाचं, उजाडता उजाडता दिसतं तसं. बाबा म्हणाले, "ते सोनं तुझ्या मोहरीचं होतं."

तू लिहिलंस की चित्रात काही घडत नाही, तरी पाय निघेना. खरंच काही घडत नाही. मधे तळं, उजवीकडे भलंमोठं झाड, डावीकडे एक बारकं, कललेलं. त्याच्याकडे हात उंचावलेली बाई आणि दोन मुलं. संपलं. रुंदी ८९ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या टीव्हीएवढीसुद्धा नाही. पुन्हा जाशील तेव्हा पानं बघ. एकही पान सुटं काढलेलं नाही, सगळ्यांच्या कडा विरलेल्या. त्या काळच्या कॅमेऱ्याला फोटो टिपायला वेळ लागायचा, तेवढ्यात वाऱ्याने पानं हलायची आणि झाडाचा नुसता धूर उमटायचा. कोरोला असे फोटो जमवायचा नाद होता. दुसरा कुणी ते खराब म्हणून टाकून देता.

आणि पलीकडचा काठ. तिथे रेघ शोधूनही सापडायची नाही. अलीकडचं गडद, पलीकडचं फिकट, एवढ्यावर त्याने सगळं अंतर उभं केलंय. हे ऐकायला सोपं वाटतं. मी थंडीत मेणवलीच्या घाटावर जाऊन बसते. कृष्णेवर धुकं असतं. काळ्यात पांढरा मिसळून केलेला करडा कागदावर मेल्यासारखा दिसतो, म्हणून निळ्या अल्ट्रामरीनमध्ये तपकिरी बर्न्ट सिएना घालते, थेंबाथेंबाने. जरा निळा जास्त झाला की पावसाळी ढग, सिएना जास्त झाला की चिखल. मनासारखा करडा जमेपर्यंत ऊन वर आलेलं असतं आणि घाटावर धुण्याचा आवाज सुरू. मग डबीतली पोळी खायची आणि घरी यायचं.

ते चित्र १८६४ सालचं. कोरो तेव्हा सत्तरीकडे झुकला होता. त्याच वर्षी ते फ्रेंच सरकारने विकत घेतलं. (हा गृहस्थ तरुणपणी कापडाच्या धंद्यात होता. २६ व्या वर्षी बापाने वर्षाला १,५०० फ्रँक बांधून दिले आणि म्हणाला, जा, काढ चित्रं. बाबांना हे वाचून दाखवलं तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.) चित्राचं नाव 'मॉर्तफोंतेनची आठवण'. पॅरिसच्या उत्तरेला हे गाव आहे, तिथली तळी त्याने पाहिलेली होती. पण चित्र तळ्याकाठी बसून केलेलं नाही, नंतर स्टुडिओत, आठवून केलंय. म्हणजे स्मरणचित्रच की रे.

तिथेच मी अडकले आहे चार दिवस. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेतल्या स्मरणचित्राच्या सरावाला मी विषय दिला होता 'पावसाळ्यातील एक दिवस'. बाकीच्यांनी छत्र्या, एसटी स्टँड, भज्यांची गाडी असं पान गच्च भरलं. तू काढलंस ओलं शेत, एक बांध आणि लांब इरलं घेतलेला एक पाठमोरा माणूस. सगळं करडं. मी ते वर्गासमोर धरलं आणि म्हटलं, "पेपर कोरा दिला असता तरी चाललं असतं." पोरं हसली. वर्गात तू मला बाई म्हणायचास, त्या दिवशी घरी आल्यावरही एकदा बाई म्हणालास. परीक्षेत तू मी शिकवल्याप्रमाणे पुढे तीन मोठी माणसं काढलीस, बी ग्रेड आली, आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली. माझं चुकलं. त्या वेळीही थोडं कळलं होतं, म्हणून तर तो कागद मी रद्दीत घातला नाही.

काल माळा काढला. पेटीतल्या ट्यूबा दगड झाल्यात, कागद मात्र ठीक आहे, एका कोपऱ्याला कसर लागलीय तेवढी. फोटो काढून पाठवणार होते, पण फोनमध्ये तो करडा येतच नाही. दिवाळीला आलास की बघ. कोरो अशा करड्या चित्रांत एखादा लाल ठिपका ठेवायचा, कुणाची तरी टोपी वगैरे. तुझ्या चित्रातही आहे लाल. खाली उजव्या कोपऱ्यात, माझ्या पेनने, दहापैकी तीन.

तुझी,
आई