वलंदेज इथेही आले होते

गिलिंगहॅम, केंट
२६ जून

तीर्थरूप बाबांस आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचं पत्र मिळालं. मी बरी आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे आईला पुढचं शांतपणे ऐकता येईल. बाबा, हे पडवीत बसून मोठ्याने वाचा. पण शेवटचं पान आधी एकट्याने वाचा.

इस्पितळातल्या कामाचं काही लिहीत नाही, ते रविवारी फोनवर बोललोच आहोत. तुम्ही लिहिलंत की पावसात वखारीची आणखी थोडी भिंत ढासळली, तुम्ही छत्री घेऊन बघायला गेलात, आणि तिथे उभं राहून तुमच्या मनात आलं की हे वलंदेज, म्हणजे डच, एवढी वखार बांधून पुढे गेले तरी कुठे, आपल्या बायला तिथे काही कळतं का विचारू या. दोन आठवडे तोच प्रश्न डोक्यात आहे. बाबा, ते इथे आले होते. माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर नदी आहे, मेडवे तिचं नाव. त्या नदीत ते इंग्रजांचं आरमार जाळायला आले होते, १६६७ च्या जून महिन्यात. वेंगुर्ल्याची वखार तेव्हा उभी राहून तीस वर्षं होत आली होती. आणि त्याच सुमाराला महाराज आपल्या इथून जवळच, मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधून पुरा करत होते. नोव्हेंबर १६६४ मध्ये पाया घातला आणि तीन वर्षं काम चाललं. हे तिन्ही एकाच काळातलं आहे हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

वखार त्यांच्या व्यापारी कंपनीची आणि इथे आलं ते त्यांच्या राज्याचं आरमार, एवढा फरक आहे. पण दोन्हीकडे पैसा त्याच व्यापाऱ्यांचा.

भांडण जुनं होतं. माल कुणाच्या जहाजातून जायचा, मासे कुणी कुठे मारायचे, मसाल्याची बेटं कुणाची, यावरून. इंग्रजांनी १६५१ साली कायदाच केला की आमच्या देशात माल येईल तो आमच्या जहाजातून किंवा ज्याचा माल त्याच्या जहाजातून. डच तर सगळ्या जगाचा माल वाहून पोट भरणारे, त्यांच्या पोटावरच पाय आला. आणखी एक हट्ट असा की इंग्लंडच्या समुद्रात इंग्रजांचं लढाऊ जहाज दिसलं की दुसऱ्यांनी आपलं निशाण खाली करायचं. १६५२ साली डोव्हरसमोर त्यावरूनच तोफा सुरू झाल्या आणि पहिली लढाई जुंपली. परराज्यातले ट्रॉलर आपल्या बारा वावात येऊन जाळी ओढतात तेव्हा तुम्ही किनाऱ्यावरून कसे ओरडता, ते मला हे वाचताना आठवलं. समुद्राला कुंपण नाही, म्हणूनच त्याच्यावर एवढी भांडणं.

आता जे घडलं ते तुमच्यासाठी नीट लिहिते, कारण ते भरती-ओहोटी कळणाऱ्या माणसालाच खरं कळेल. मेडवे आपल्या खाडीसारखीच आहे. ओहोटीला दोन्ही काठांना नुसता चिखल, मधे अरुंद खोल पाणी, आणि वळणं एवढी की शिडाच्या जहाजाला एका वाऱ्यावर वर चढणं कठीण. म्हणूनच इंग्रजांनी आपली सगळ्यात मोठी जहाजं इथे आत, चॅथमच्या गोदीजवळ आणून ठेवली होती. वाटेत गिलिंगहॅमपाशी नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी साखळदंड ताणला होता. इथे कोण येणार, असं त्यांना वाटत होतं.

डचांचा सेनापती मिखिएल द रायटर. आधी त्यांनी नदीच्या मुखावरचा शीअरनेसचा अर्धवट बांधलेला कोट घेतला. मग जूनच्या बारा तारखेला (ही इंग्रजांच्या तेव्हाच्या पंचांगाची तारीख, डचांची बावीस) भरती आणि वारा दोन्ही साधून ते वर चढले. वळणं दाखवायला त्यांच्याबरोबर इंग्रज वाटाडेच होते. डांबर भरून पेटवून द्यायची जहाजं साखळदंडावर घातली, साखळदंड गेला, आणि पलीकडे 'रॉयल चार्ल्स' उभं होतं. ऐंशी तोफांचं, इंग्रजांच्या राजाच्या नावाचं जहाज. १६६० साली राजाला परदेशातून घरी आणलं ते याच जहाजाने. त्या दिवशी त्याच्यावर लढायला माणसंच नव्हती. नऊ माणसांची होडी यावी तसे मूठभर डच आले आणि ते ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन मोठी जहाजं जाळली. त्यातलं 'लॉयल लंडन' तर वर्षापूर्वीच लंडन शहराच्या लोकांनी पैसे उभे करून राजाला बांधून दिलं होतं.

आणि मग त्यांनी 'रॉयल चार्ल्स' बाहेर काढलं, बाबा. एवढं मोठं जहाज, खाली पाणी कमी, वाऱ्याची साथ नाही. त्यांनी ते एका बाजूला कलतं केलं, म्हणजे खालचा भाग चिखलाला लागू नये, आणि ओढत ओढत समुद्रात नेलं. इथल्या चांगल्यातल्या चांगल्या तांडेलाला ते धाडस झालं नसतं, असं तेव्हा इंग्रजांनीच म्हटलं. तुम्ही एकदा वादळात मांडवीच्या तोंडातून होडी आत आणली होतीत, तेव्हा आईने देवाला नारळ बोलला होता. नदीकाठी उभी राहून मी तेच आठवत होते.

आता इथली एक गोष्ट सांगते, ती मला अजून उमगलेली नाही. ही माणसं आपली हार साजरी करतात. म्हणजे दुखवटा पाळतात असं नाही, साजरीच करतात. २०१७ साली साडेतीनशे वर्षं झाली तेव्हा यांनी डचांना बोलावलं, त्यांच्या बोटी नदीत आल्या, रात्री पाण्यावर आतषबाजी केली, जहाजं जळाली त्याची आठवण म्हणून. मी तेव्हा इथे नव्हते, पण माझ्या वॉर्डातली एक वयस्कर बाई अजून कौतुकाने सांगते की काय सुंदर आग होती. पलीकडच्या काठावर अपनॉरचा किल्ला आहे. तिथे कुठून तोफा डागल्या, दारूगोळा कसा पुरला नाही, शत्रू कसा निसटून गेला, हे सगळं फलकांवर लिहिलंय आणि लोक मुलांना घेऊन, डबे घेऊन बघायला येतात. मी त्या बाईला विचारलं, तुम्हाला वाईट नाही का वाटत? ती म्हणाली, वाईट कशाला, ते चांगले लढले. आपल्याकडे 'पानिपत झालं' म्हटलं की अजून घरात कुणी गेल्यासारखं वाटतं. तिथे अफगाणांना बोलावून आपण आतषबाजी करू का? मी हे तीन-चार जणींना विचारलं, प्रत्येकीने वेगळं सांगितलं. एक म्हणाली खूप वर्षं झाली. एक म्हणाली पुढे आम्ही जिंकलोच ना. मला वाटतं, ज्यांना नंतर भरपूर मिळालं त्यांनाच हार अशी साजरी करता येते. पण हे माझं मत, तुमचं कळवा.

आई विचारते, ॲमस्टरडॅमला कशाला गेलीस, एवढे पैसे कुठून आले. आई, मी एप्रिलात गेले होते, तीन दिवस, रात्रीच्या बसने, खोली चौघींत घेतली होती. पहिल्या वर्षभरातली ती माझी पहिली सुट्टी. पैसे उडवायला गेले नव्हते. तिथल्या मोठ्या संग्रहालयात 'रॉयल चार्ल्स'च्या मागच्या बाजूचं लाकडी कोरीव काम ठेवलंय, सिंह आणि एकशिंगी घोडा, मधे इंग्लंडच्या राजाची मुद्रा. बाकी जहाज त्यांनी काही वर्षं लोकांना दाखवायला ठेवलं आणि १६७३ साली मोडीत काढलं. एवढंच उरलंय. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि वखारीची भिंत आठवली. डचांनी लुटून आणलेलं लाकूड तिथे काचेसारखं जपलंय आणि त्यांची स्वतःची वखार आपल्याकडे पावसात भिजतेय. वाईट वाटलं. कुणावर राग नाही, पण वाईट वाटलं. तुमच्याच्याने होत असेल तर ग्रामपंचायतीत एक अर्ज द्या ना बाबा.

इंग्रज का हरले, हे मात्र इथे सगळे एकमताने सांगतात: पैसे नव्हते. १६६५ ला लंडनमध्ये प्लेग, १६६६ ला आग, शहराचा मोठा भाग गेला. राजाने ठरवलं की तहाची बोलणी चालूच आहेत, तर या वर्षी मोठी जहाजं बाहेर काढायचीच नाहीत, खर्च वाचेल. आणि खलाशांना पगाराऐवजी तिकिटं दिली. तिकीट म्हणजे चिठ्ठी, तुझे इतके पैसे देणं लागतो म्हणून. ती लंडनच्या कचेरीत नेऊन वठवायची. कचेरीत पैसे नाहीत. मग खलाशी ती चिठ्ठी मिळेल त्या भावात सावकाराला विकायचे. बायका मुलांना घेऊन कचेरीच्या दारात ओरडत उभ्या राहायच्या. त्यातले काही इंग्रज खलाशी शेवटी डचांच्या जहाजांवर चाकरीला गेले, आणि त्या जूनमध्ये आपल्याच गावच्या नदीतून वर येताना ओरडून सांगत होते की तिकडे आम्ही चिठ्ठ्यांसाठी लढलो, इकडे रोकड्यासाठी लढतो.

त्या आरमाराच्या कचेरीतला सॅम्युअल पीप्स नावाचा अधिकारी होता. बातमी आल्यावर त्याने साठवलेलं सोनं बायको आणि वडिलांबरोबर गावी पाठवलं. त्यांनी ते रविवारी भर दिवसा बागेत पुरलं. ऑक्टोबरात तो काढायला गेला तर पिशव्या कुजून नाणी मातीत मिसळलेली. रात्री कंदील घेऊन चाळत बसला. आणि सगळं खापर फुटलं ते चॅथमच्या गोदीच्या एका अधिकाऱ्यावर. चुका वरच्यांच्या, आणि धरला तो.

ब्रेडा गावी जुलैच्या शेवटी तह झाला. जायफळाचं रन नावाचं छोटं बेट डचांकडे राहिलं आणि अमेरिकेतलं मॅनहॅटन इंग्रजांकडे. आई, तू चिमूटभर जायफळ उगाळतेस, त्याच्यासाठी माणसं मरत होती.

आता बाकीचं.

थंडीचं विचारलंत. जून आहे, थंडी नाही. रात्रपाळीनंतर मी एकटी येते, पण रस्त्यावर दिवे आहेत आणि बसथांबा दारात आहे. तब्येत उतरलेली दिसते ती फोनच्या कॅमेऱ्यामुळे. 'जेवलंस गो?' असं आई विचारते तेव्हा मी जेवलेलीच असते, खरंच.

कुडाळच्या स्थळाचं: मी नाही म्हटलेलं नाही. मुलगा चांगला आहे. पण दोन वर्षं इथलं काम सोडता येणार नाही, हे त्यांना आधीच सांगा, मागून सांगून त्यांची फसवणूक नको. फोटो सारखे पाठवू नका, मी रात्रपाळीत बघते आणि मग झोप येत नाही.

बाबूचं लग्न मार्गशीर्षात ठरवलंत, मुलगी मालवणची, फार आनंद झाला. मला नऊ दिवसच रजा मिळतेय, म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन आणि पाचपरतावण झाली की निघेन. सामान-सुमान, साड्या, काहीच मला करता येणार नाही. आईला एकटीला सगळं पडेल हे मला कळतं. एकच सांगणं, मुलीकडून काही घेऊ नका, भांडंसुद्धा. ज्या राजाची जहाजं जळाली, त्यालाच लग्नात पोर्तुगीजांनी आपली मुंबई आंदण दिली होती. त्याला काय तिचं, १६६८ साली वर्षाला दहा पौंडांवर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आणि आंदण घेऊन आलेली ती राणी त्याच्या घरात आयुष्यभर दुसऱ्या बायकांचं बघत राहिली.

आणि बाबा, होडीच्या इंजिनाचा हप्ता. मार्चमध्ये म्हटलं एप्रिलात पाठवते. एप्रिलात म्हटलं मे. मेमध्ये व्हिसाचे पैसे भरले आणि तुम्हाला सांगितलं की बँकेत अडकलेत. अडकले नव्हते. माझ्याकडे नव्हतेच. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, पण बाबूकडून कळलं की तुम्ही पतपेढीत दोनदा जाऊन मुदत मागितलीत, तेही मासेमारी बंद असताना, घरात एक पैसा येत नसताना. तिकिटांचं वाचत होते त्या रात्री मला पुढे वाचवेना. तीन महिने मी तुम्हाला तिकिटंच दिली.

आज सकाळी दोन हप्त्यांचे पैसे बाबूच्या खात्यात टाकलेत. तिसरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तारीख चुकली तर आधी फोन करीन, खरं कारण सांगेन. आईला ॲमस्टरडॅमचं वाचून दाखवाल तेव्हा हे पान मधे येऊ देऊ नका.

सातेरीला माझ्यातर्फे नारळ द्या. होडीवरचे झाप या वर्षी नवीन घातलेत की जुन्यावरच भागवलंत, ते कळवा.

तुमची,
बाय