यादीतली नाटके मिळतात कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतली 'घरोघरी हवीत अशी पुस्तके' ही यादी वाचली. नाटक, साहित्य, इतिहास, निसर्ग असे चार रकाने पाडलेत, उत्तम. पण साहित्याला अख्खे पान आणि नाटकाला बिल्डरच्या जाहिरातीखाली उरलेली पट्टी! दरवर्षी 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, मात्र विष्णुदास भावे, सांगली, 1843, 'सीतास्वयंवर' हे सगळे नटराजाच्या फोटोसकट न चुकता छापता.

आमच्या वाचनालयात नाटकांचे एक वेगळे कपाट होते. गेल्या पावसाळ्यात ते निर्लेखित केले, म्हणजे नोंदीतून काढून रद्दीत टाकले. कारण विचारले, तर ग्रंथपाल म्हणाले, "काका, कितीतरी वर्षांत एकाही पुस्तकावर तारखेचा शिक्का नाही." पडेल कसा? राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी लागल्या की पोरे तिथेच टेबलाशी बसून आपापली भूमिका वहीत उतरवून घ्यायची. पुस्तक घरी नेतो कोण? गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढले तेव्हा वरचे एक मी उचलून पाहिले. लाल रेक्झिनची बांधणी, नायिकेच्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीची रेघ, समासात कुणीतरी लिहिलेले 'इथे घाई नको'. विकत मागितले तर म्हणे एक-एक सुटे देता येत नाही, ठराव झालाय! किलोवर गेले. तुमच्या यादीत ते नाटक आहे, शेजारी शेरा 'अवश्य संग्रही ठेवावे'. ठेवतो की! पुण्यातल्या दुकानात फोन लावला, तर "आवृत्ती संपलीय, पुढची कधी सांगता येत नाही." यादी करणाऱ्याने एखादे पुस्तक तरी दुकानात मागून पाहिले होते का? ना प्रकाशक, ना किंमत.

इतर रकान्यांबद्दल थोडक्यात. दुर्गाबाई भागवतांचे निसर्गावरचे 'ऋतुचक्र' साहित्यात टाकलेत, हरकत नाही, पण मग निसर्गात उरले काय? कुंडीतल्या भाज्या आणि गच्चीवरची बाग. जन्मभर जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचे नावच नाही! गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' तुम्ही 'पर्यटन' या उपशीर्षकाखाली घातलात. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेला, 1857 च्या धुमाळीत अडकला, झाशीचा वेढा आतून पाहिला आणि कफल्लक होऊन परतला. असे पॅकेज कुणी काढत असेल तर कळवावे.

जाता जाता आणखी एक. काळ्या पट्ट्यावर पिवळी बारीक अक्षरे कुणाच्या सोयीसाठी? पुस्तकांची यादी वाचणारे निम्मे तरी मोतीबिंदूवाले असतात, हे आपल्या जाहिरात विभागाला नक्की माहीत आहे. चष्म्यांच्या दुकानाची जाहिरात त्याच पानावर आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज