निर्लेखनाआधी एकदा बघा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या तालुक्याच्या गावी भंगाराच्या दुकानात जुन्या लोखंडी नांगराचे तुकडे वजनावर चाललेले पाहिले. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भागावर ओतकामातच उठवलेली अक्षरे गंज घासल्यावर बोटाला लागत होती. त्याच ढिगात एका लोहाराची ऐरण होती. जीव हळहळला म्हणून हे पत्र.

अशा नांगराची गोष्ट थोडक्यात अशी. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेतली मास्तरकी सोडली आणि बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापायची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली! बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला, १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले.

हे बहुतेकांनी ऐकलेले असते. लोहाराच्या बाजूने मात्र कुणी सांगत नाही. लाकडी नांगराचा फाळ घडीव लोखंडाचा. बोथटला की लोहार तो भट्टीत लाल करून ऐरणीवर पाजवून द्यायचा. बीडाचे तसे नाही, घणाखाली ते तडकते. झिजलेला भाग बदलायचा म्हणजे कारखान्याचा सुटा भाग आणायचा. गावातल्या भात्यावरचे काम कारखान्याकडे कसे सरकत गेले, हे त्या दुकानातल्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या की समजते. म्हणून एकट्या नांगराची नव्हे, ऐरण, भाता, सांडशी यांचीही नोंद हवी.

माझी मागणी खर्चाची नाही. आयटीआय, कृषी शाळा, जिल्हा परिषदा, तालुका बीजगुणन केंद्रे यांच्या गोदामांत अशी अवजारे असतील, तर जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखन करण्याआधी, म्हणजे टिकाऊ सामानाच्या सरकारी नोंदीतून कमी करून भंगारात काढण्याआधी, त्यांचे फोटो, मापे, त्यांवरची अक्षरे आणि ती कुठून आली हे टिपून पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवावे. संचालनालयाने होकार दिल्याशिवाय लिलाव होऊ नये. त्यासाठी एक शासन परिपत्रक पुरेल. ज्यांनी ही अवजारे वापरली, दुरुस्त केली, ती म्हातारी माणसे अजून गावोगाव आहेत, त्यांना विचारायचे काम त्याच परिपत्रकात घालावे. ते या उन्हाळ्याच्या आत निघावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
सांगली जिल्ह्यातील एक नागरिक