ऑर्डर येईल हो, पण क्लेमचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘आमची जुनी ईडीआय प्रणाली अमुक तारखेपासून बंद, नव्या प्रणालीवर या’ अशी पत्रे नाशिक परिसरातल्या सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नरच्या पुरवठादारांना आणि शहरातल्या वितरकांना मोठ्या उत्पादकांकडून येत आहेत. पत्रात तारीख असते, नव्या सर्व्हरचा पत्ता असतो आणि ‘आपल्या आयटी टीमने संपर्क साधावा’ असे एक वाक्य असते. बिलिंगला बसणारा एक मुलगा आणि महिन्यातून दोनदा येणारा टॅलीवाला, एवढीच जिथे आयटी टीम आहे तिथे या वाक्याचे काय करायचे? हे काम रोज करणाऱ्यांनी चार गोष्टी उघडपणे सांगायला हव्यात, म्हणून हे पत्र.

ईडीआय म्हणजे ऑर्डर, डिस्पॅचची सूचना, बिल वगैरे कागद कुणी हाताने न टंकता एका कंपनीच्या संगणकातून दुसरीच्या संगणकात ठरलेल्या साच्यात जाणे. ग्राहक अमेरिकी असेल तर साचा बहुधा एक्स१२, युरोपीय असेल तर एडिफॅक्ट. एक्स१२ मध्ये ८५० म्हणजे ऑर्डर, ८५५ तिचे उत्तर, ८५६ म्हणजे माल निघाल्याची सूचना, अर्थात एएसएन, आणि ८१० म्हणजे बिल. प्रणाली बदलताना चाचणी होते ती या चौघांची. ती पास झाली की सगळे टाळ्या वाजवतात. परताव्याच्या क्लेमचे ८४४, ८४९ आणि ८६७ हे कागद कुणी उघडूनही पाहत नाही. वितरकाचा पैसा नेमका तिथे अडकतो.

उदाहरण घ्या. वितरकाने स्विचगियरचा, म्हणजे विजेच्या स्विच-ब्रेकरचा, एक नग यादीच्या भावाने १,००० रुपयांना उचलला. अंबडमधल्या इलेक्ट्रिक पॅनेलवाल्याच्या एका मोठ्या कामासाठी उत्पादकाने वितरकाचा खरेदीभाव ८८० धरायला मंजुरी दिली, ५०० नगांपुरती. नगामागे १२० म्हणजे एकूण ६०,००० रुपये वितरकाला परत मिळायचे. ते तो ८४४ ने मागतो, उत्पादक ८४९ ने मंजूर-नामंजूर कळवतो, आणि माल खरोखर त्याच पॅनेलवाल्याला गेला हे ८६७ वरून समजते. आता बदलीच्या दिवशी यातले ३२० नग पॅनेलवाल्याला विकले गेले आहेत आणि २०० नगांचा क्लेम झाला आहे असे समजा. नव्या प्रणालीत मंजुरी पूर्ण ५०० ची चढवली तर जुने नग पुन्हा क्लेम होऊ शकतात. फक्त उरलेले १८० चढवले तर मधल्या १२० नगांचे १४,४०० रुपये कुठल्याच प्रणालीत दिसत नाहीत. बरे, नव्या प्रणालीत मंजुरीचा क्रमांकही बदललेला असतो, त्यामुळे जुन्या क्रमांकाने गेलेला क्लेम ‘मंजुरी सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. कित्येक ठिकाणी हा व्यवहार ८४४ ऐवजी एक्सेलवर किंवा वितरकांसाठीच्या डीएमएस या सॉफ्टवेअरमधून चालतो, पण हिशोब तोच आणि भोकही तेच.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही. बदलीच्या आदल्या संध्याकाळी उघड्या मंजुऱ्यांची यादी काढायची: मंजुरी क्रमांक, वस्तू, मुदत, मंजूर नग, विकलेले, क्लेम केलेले, क्रेडिट नोट मिळालेले. तिच्यावर उत्पादकाच्या आणि वितरकाच्या, दोघांच्या सह्या हव्यात. नवीन क्रमांक त्याच यादीत जुन्याशेजारी लिहायचा. जीएसटीसह क्रेडिट नोट घ्यायची असेल तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यातली आधीची ती शेवटची. तोवर क्लेम लोंबकळत राहिला तर उत्पादकाला त्यावरचा कर कमी करता येत नाही, मग तो करासह रक्कम देईलच कशाला?

वाहन उद्योगाला सुटे भाग देणाऱ्यांचा घोळ वेगळा. तिथे ग्राहकाचे शेड्यूल ‘क्युम’वर, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या एकत्रित आकड्यावर चालते. क्युम मागणी ५०,०००, ग्राहकाकडे पोहोचलेले ४८,०००, वाटेत १,०००, तर आता पाठवायचे १,०००. नव्या प्रणालीत पोहोचलेल्याचा क्युम शून्यापासून सुरू झाला की तीच प्रणाली एकदम ४९,००० नग मागते. कुणीतरी हसून सोडून देतो, पण नियोजनाचा माणूस रजेवर असेल तर पत्र्याची ऑर्डरही निघून जाते. म्हणून प्रत्येक पार्टनंबरचा क्युम, ग्राहकाने जमा धरलेल्या शेवटच्या एएसएनचा क्रमांक आणि वाटेतला माल हे तीन आकडे ग्राहकाकडून लेखी घेतल्याशिवाय बदलीला होकार देऊ नये.

आता बारीक दिसणाऱ्या पण गाडी गेटवर उभी करणाऱ्या गोष्टी. एक्स१२ फाइलची पहिली ओळ, आयएसए, नेमकी १०६ अक्षरांची असते. पाठवणाऱ्याचा आयडी १५ अक्षरांच्या जागेत बसवायचा, कमी पडली तर रिकाम्या जागा भरायच्या. नव्या प्रणालीने त्या जागा छाटल्या तर फाइल उघडतच नाही. त्याच ओळीत नऊ आकडी नियंत्रण क्रमांक असतो. नवी प्रणाली तो १ पासून सुरू करते आणि समोरची ‘ही फाइल आधीच आली आहे’ म्हणून नाकारते. जुना क्रमांक ४,८१२ वर थांबला असेल तर नवा सरळ १०,००१ पासून सुरू करावा. तिथेच चाचणीसाठी टी आणि खऱ्या व्यवहारासाठी पी असे एक अक्षर असते. चाचणीतला टी तसाच राहिला तर फाइल जाते, पोचही येते, आणि ग्राहकाच्या चाचणी-सर्व्हरवर निवांत पडून राहते.

८१० मधल्या बिलाच्या एकूण रकमेत दशांश चिन्ह नसते, शेवटचे दोन आकडे पैसे धरले जातात. म्हणजे १,२५,००० रुपयांचे बिल १२५००००० असे जाते. ओळीतल्या एका नगाच्या भावात मात्र दशांश चिन्ह द्यावे लागते. हा फरक न पाहता मॅप, म्हणजे आपल्याकडचा कुठला आकडा फाइलीत कुठे बसवायचा याचे नियम, लिहिला की एकूण रक्कम शंभरपट होते किंवा तिचा शंभरावा हिस्साच उरतो. एडिफॅक्टमध्ये एकेरी अवतरणचिन्ह (') हे ओळ संपल्याची खूण असते. एखाद्या डिसूझांच्या इंग्रजी नावात (D'Souza) ते आले आणि त्याआधी प्रश्नचिन्ह घातले नाही की नावाच्या मध्येच ओळ तुटते.

सगळ्यात मोठा गुन्हेगार मात्र एक्सेल. ग्राहकाचा पार्टनंबर आणि आपला पार्टनंबर यांची जोडयादी बऱ्याचदा ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, नसते, जुन्या ईडीआय सॉफ्टवेअरच्या पोटात असते. ती बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडली की ००४५७१ चे ४५७१ होते. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच खरे ठेवतो, त्यामुळे पेटीवरच्या १८ अंकी एसएससीसी क्रमांकाचे शेवटचे तीन अंक शून्य होतात. फाइल दिसायला ठीकठाक, आणि गेटवर एकही पेटी स्कॅन होत नाही. असे सगळे कॉलम आधी टेक्स्ट म्हणून ठरवूनच फाइल आत घ्यावी. एककांचीही तीच काळजी: एका नगाला जीएसटीच्या बिलात एनओएस, एक्स१२ मध्ये ईए, एडिफॅक्टमध्ये सी६२, आणि वितरकाच्या डोक्यात बॉक्स. बारा नगांचा एक बॉक्स की बारा बॉक्स, हे मॅप लिहिणाऱ्या बंगळुरूच्या मुलाला कोण सांगणार?

फाइल कशाने जाणार हेही विचारून घ्या. जुन्या व्हॅनचे, म्हणजे फाइली पोहोचवणाऱ्या मध्यस्थ नेटवर्कचे, बिल हजार अक्षरांमागे येई, नवे लोक दर कागदामागे किंवा दर भागीदारामागे, म्हणजे ज्याच्याशी फाइलींची देवाणघेवाण होते त्या कंपनीमागे, घेतात. महिन्याला चाळीस बिले आणि चारशे एएसएन असतील तर हा फरक खिशाला जाणवतो. शक्यतो आयडी बदलू नका, कारण तो बदलला की प्रत्येक भागीदाराला आपल्या बाजूची जोडणी बदलावी लागते. फाइल इंटरनेटवरून थेट पाठवण्याची एएस२ पद्धत असेल तर तिच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. ते संपते त्या दिवशी काहीही न बदलता सगळे बंद पडते. आणि ९९७ ही पोच आली म्हणजे ऑर्डर किंवा बिल मान्य झाले असे मुळीच नाही. ती फक्त ‘फाइलची मांडणी बरोबर आहे’ एवढेच सांगते.

कामाचा क्रम असा धरावा. आधी मागच्या तेरा महिन्यांतल्या सगळ्या फाइली चाळायच्या, म्हणजे दिवाळी, वर्षअखेर आणि वर्षातून एकदाच येणारा कागदही हाती लागतो. मग दोन ते चार आठवडे तोच डेटा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रणालींतून काढून ओळीने ओळ ताडायचा. पाठवायचे मात्र एकीकडूनच, नाहीतर एकाच मालाची दोन बिले जातात. पहिला भागीदार सर्वांत मोठा नको. व्यवहार कमी पण सगळ्या प्रकारचे कागद असलेला निवडावा. बदलीच्या आठवड्यात चाकणला जाणाऱ्या गाडीसोबत एएसएनची छापील प्रत द्यावी आणि ग्राहकाच्या गेटवर ती चालेल याची मेल आधी घ्यावी. गाडी वाटेतच थांबवावी लागली तर ई-वे बिलाची मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवता येते, हे ड्रायव्हरला माहीत नसते, डिस्पॅचला तरी असू द्या.

ज्यांना ईडीआय परवडत नाही त्यांना ‘पोर्टलवर एएसएन भरा’ सांगतात. म्हणजे तेच बिल दुसऱ्यांदा टंकायचे. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे. त्याच्या जेसन फाइलमध्ये ऑर्डर क्रमांक आणि ऑर्डरमधल्या ओळीचा क्रमांक यांसाठी जागा आहे, फक्त ती भरणे ऐच्छिक असल्याने जवळजवळ सगळे रिकामी सोडतात. ती भरली आणि ग्राहकाच्या पोर्टलने तेच जेसन स्वीकारले तर टंकायला फारसे काही उरत नाही. मोठ्या कंपन्यांनी हे करायला काय हरकत आहे?

नव्या प्रणालीत बिल दिसत नाही, म्हणून पेमेंटची मुदत सुरू झालीच नाही, असेही उत्तर मिळते. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांनी ते ऐकून घेऊ नये. २००६ च्या एमएसएमई कायद्यातले ४५ दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, बिल कुणाच्या पोर्टलवर चढल्यापासून नाही. व्यापारी वितरकांना हे संरक्षण नाही, म्हणून त्यांनी बदलीच्या काळातल्या बिलांची पोच मेलवर घेऊन ठेवावी.

जुनी प्रणाली बंद करण्याआधी तिच्यातल्या मूळ फाइली आणि त्यांच्या पोचपावत्या साध्या टेक्स्टमध्ये, ऑर्डर व बिल क्रमांकाने शोधता येतील अशा काढून घ्याव्यात. जीएसटीसाठी हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात, कंपनी असेल तर आठ वर्षे. परवाना संपला की जुन्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस उघडतही नाही.

आता मागणी. बदलीसाठी ३१ मार्च ही तारीख काही उत्पादकांना फार आवडते. त्या आठवड्यात इथला प्रत्येक वितरक टार्गेट, स्टॉक मोजणी आणि स्कीमच्या क्लेममध्ये बुडालेला असतो. क्युमही अनेकांकडे तेव्हाच शून्य होतो. तारीख जून किंवा जुलैवर न्या, दिवाळीआधीचे सहा आठवडे टाळा, आणि २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या दिवसांत तर नकोच, तेव्हा शहरातून गाड्या निघण्याचाच प्रश्न असेल. नमुना फाइली आणि चाचणीचा सर्व्हर सहा महिने आधी द्या. आणि बदलीनंतरचे पहिले ९० दिवस एएसएन उशिरा आली म्हणून दंडाची डेबिट नोट कुणालाही लावू नका.

आपले,
सातपूर, अंबड व सिन्नरच्या कारखान्यांत आणि नाशिकमधील वितरकांकडे ईडीआय, डिस्पॅच व बिलिंगचे काम पाहणारे काही जण